सगळ्यात कडक नाक्याच्या हिशोबाने बॅग भरा: लांबच्या विमानप्रवासातली सुरक्षा तपासणी

लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात सुरक्षा तपासणी एकदाच होणार, असं धरून निघालेले लोक हमखास गोत्यात येतात. निघताना एकदा, मधल्या विमानतळावर पुन्हा, आणि काही ठिकाणी थेट गेटवर तिसऱ्यांदा बॅग बेल्टवर ठेवावी लागते. प्रत्येक ठिकाणचं यंत्र वेगळं, नियम वेगळे. पहिल्या विमानतळावर नवीन सीटी स्कॅनर (बॅगेचं सगळ्या बाजूंनी चित्र दाखवणारं यंत्र) असेल तर पाण्याने भरलेली बाटली बॅगेतून तशीच पुढे जाते, कुणी हटकत नाही. सात-आठ तासांनी दुसऱ्या देशात तीच बाटली कचऱ्याच्या डब्यात जाते. ‘अहो, पण तिथे तर चाललं!’ हे वाक्य तिथल्या कर्मचाऱ्याने दिवसभर ऐकलेलं असतं आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

तेव्हा धोरण एकच ठेवायचं: आपल्या मार्गावरचा सगळ्यात कडक नाका कोणता ते शोधायचं आणि बॅग त्याच्या हिशोबाने भरायची. बाकीचे नाके मग आपोआप पार पडतात.

तिकीट काढतानाच बरंच काही ठरतं

पूर्ण मार्ग एका कागदावर लिहून काढा. कुठून कुठे, मध्ये कोणता विमानतळ, उतरायचं टर्मिनल आणि पुढच्या विमानाचं टर्मिनल एकच का वेगळं, आणि मुख्य म्हणजे सगळा प्रवास एकाच बुकिंगवर आहे का. एकच पीएनआर असेल तर चेक-इन बॅग बहुतेक वेळा शेवटच्या मुक्कामापर्यंत परस्पर जाते. थोडे पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं जोडली असतील, तर मधल्या देशात इमिग्रेशन पार करून बाहेर यायचं, बॅग घ्यायची, पुन्हा चेक-इन करायचं आणि पुन्हा सिक्युरिटीच्या रांगेत लागायचं, अशी वेळ येऊ शकते. त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कुणीच घेत नाही. माझ्या मते लांबच्या प्रवासात ही बचत करण्यात अर्थ नाही.

अमेरिकेला जाणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल, तिथेच इमिग्रेशन होतं. पुढे दुसऱ्या शहरात जायचं असलं तरी साधारणपणे चेक-इन बॅग तिथे ताब्यात घेऊन, कस्टम्समधून बाहेर काढून पुन्हा सोपवावी लागते आणि हातातल्या बॅगेची तपासणी नव्याने होते. दीड तासाचं कनेक्शन कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात तेवढ्यात इमिग्रेशनची रांगसुद्धा संपत नाही. तीन तास हाताशी असू द्या. अबू धाबी, आयर्लंडमधलं डब्लिन आणि शॅनन, तसंच कॅनडातल्या काही मोठ्या विमानतळांवर अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच उरकतं. त्या वाटेने गेलात तर अमेरिकेत उतरल्यावरचा वेळ वाचतो, पण मधल्या विमानतळावर तेवढाच वेळ जास्त धरायला हवा.

तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. आडनाव आणि पहिलं नाव यांची अदलाबदल, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, असले घोळ काउंटरवर निस्तरत बसण्यापेक्षा तिकीट हातात आलं त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.

द्रव म्हणजे फक्त पाणी नव्हे

ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी एक कट उधळला. शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन अटलांटिक पार करणारी विमानं उडवायचा तो बेत होता. सुरुवातीला हातातल्या बॅगेतून द्रव न्यायलाच बंदी आली आणि काही आठवड्यांनी १०० मिलीलीटरचा नियम जन्माला आला. आज जगभर बहुतेक ठिकाणी हाच नियम आहे: प्रत्येक बाटली जास्तीत जास्त १०० मिलीलीटरची, आणि अशा सगळ्या बाटल्या एक लीटरच्या एकाच पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत. पिशवी साधारण २० सेंटीमीटर बाय २० सेंटीमीटरची धरा. एका माणसाला एकच पिशवी.

इथे लोक चुकतात ते बाटलीच्या आकारात. २०० मिलीलीटरच्या बाटलीत तळाशी चमचाभर शाम्पू उरला असला तरी ती बाटली जप्त होते, कारण मोजमाप बाटलीवर छापलेल्या आकड्याचं होतं, आतल्या मालाचं नाही. आणि द्रव म्हणजे जे ओतता, फासता, पिळता किंवा फवारता येतं ते सगळं. टूथपेस्ट, केसांचं जेल, क्रीम, मस्कारा, परफ्यूम, जॅम, मध, पीनट बटर, सगळं त्यात आलं. घट्ट आहे म्हणून चालेल, असा वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही.

नव्या सीटी स्कॅनरमुळे काही विमानतळांनी ही मर्यादा सैल केली आहे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरासारख्या ठिकाणी दोन लीटरपर्यंतची बाटली चालते. पण यावर विसंबू नका. युरोपियन युनियनमध्ये काही विमानतळांनी अशी सूट दिली होती, तिथे १ सप्टेंबर २०२४ पासून १०० मिलीलीटरचा नियम पुन्हा लागू झाला, आणि पुढच्या वर्षी काही प्रकारच्या यंत्रांना परत मोकळीक मिळाली. एकाच विमानतळाच्या दोन टर्मिनलवर वेगळी यंत्रं असू शकतात. परतीचा प्रवास दुसऱ्या विमानतळावरून असेल तर जाताना मिळालेली सूट येताना मिळेलच असं नाही.

ड्यूटी फ्रीमधल्या बाटल्यांचं गणित वेगळं. दुकानदार बाटली एका खास सीलबंद पिशवीत घालून देतो, पावती आतून दिसेल अशी. ते सील शेवटच्या मुक्कामापर्यंत फोडायचं नाही. मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होणार असेल तर ही सीलबंद पिशवीच तुमचा पुरावा असते. अमेरिकेत अशी परदेशात घेतलेली बाटली पुढच्या विमानात न्यायची तर खरेदी ४८ तासांच्या आतली हवी, आणि तरीही यंत्राने शंका घेतली तर ती अडकू शकते. साधा उपाय म्हणजे मोठी बाटली प्रवासाच्या शेवटच्या टप्प्याच्या विमानतळावर घ्या. अमेरिकेत बॅग ताब्यात मिळते तेव्हा ती बाटली तिथल्या तिथे चेक-इन बॅगेत टाकता येते, हेही ध्यानात असू द्या.

पावडरचा नियम फारसा कुणाला ठाऊक नसतो. जून २०१८ पासून अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत हातातल्या बॅगेत ३५० मिलीलीटरपेक्षा जास्त पावडर असेल तर ती वेगळी काढून तपासली जाते. काय आहे ते कळलं नाही तर विमानात नेऊ देत नाहीत. शीतपेयाच्या साध्या कॅनएवढा हा आकार आहे. प्रोटीन पावडर, टाल्कम, पीठ असलं काही चेक-इन बॅगेतच टाकावं.

बॅटऱ्या

इथे नियम उलटा आहे. बाकी संशयास्पद वस्तू चेक-इन बॅगेत टाका म्हणतात. सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक मात्र चेक-इन बॅगेत कधीच ठेवायची नाही. सामानाच्या कप्प्यात ती पेटली तर कुणाला दिसत नाही आणि विझवता येत नाही. केबिनमध्ये निदान माणसं असतात.

मर्यादा वॉट-अवरमध्ये (Wh, म्हणजे बॅटरीत साठणारी ऊर्जा) मोजतात. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगीची गरज नाही, १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात, १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. पॉवर बँकेवर बहुधा एमएएच (mAh) छापलेलं असतं. हिशोब सोपा आहे: एमएएचला ३.७ ने गुणा आणि १,००० ने भागा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, बिनधास्त चालतं. २७,००० म्हणजे ९९.९, काठावर पास. ३०,००० म्हणजे १११, आता परवानगी हवी. कंपन्या २७,००० च्या आसपासच्या पॉवर बँका का बनवतात, हे या आकड्यांवरून कळतं. छापील अक्षरं घासून पुसट झाली असतील तर ती पॉवर बँक घरी ठेवा. आकडा वाचता येत नसेल तर कर्मचारी ती काढून घेऊ शकतो, आणि चीनमध्ये याबाबत फार काटेकोरपणा आहे.

२८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. सगळे १७६ जण बाहेर पडले, पण विमान जळालं आणि तपासात संशय डोक्यावरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवर गेला. त्यानंतर कोरियाने मार्च २०२५ पासून पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली, आणि अनेक विमान कंपन्यांनी उड्डाणात ती वापरण्यावरच निर्बंध आणले. पॉवर बँक बॅगेच्या अशा कप्प्यात ठेवा की विमानात शिरताना ती काढून जवळ ठेवता येईल. आयत्या वेळी केबिन बॅग गेटवर काढून घेऊन खाली टाकायची म्हणाले, तर आधी त्यातून बॅटऱ्या काढायच्या, हे विसरू नका. चाकाच्या स्मार्ट बॅगेची बॅटरी निघत नसेल तर ती बॅग या प्रवासाला नेऊच नका.

औषधं

गरजेची द्रव औषधं १०० मिलीलीटरच्या नियमातून बहुतेक ठिकाणी सुटतात, पण ती वेगळी काढून दाखवावी लागतात. मूळ डबीत, मूळ लेबलसकट ठेवा. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत ओतून नेलेल्या रंगीत गोळ्या अधिकाऱ्याला काहीच सांगत नाहीत. डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र घ्या. त्यात औषधाचं ब्रँडनाव नव्हे तर मूळ घटकाचं नाव, डोस आणि आजार असावा. ब्रँडनावं देशागणिक बदलतात. पूर्ण प्रवासाला पुरतील इतकी आणि वर दोन-चार दिवसांची औषधं हातातल्या बॅगेत हवीत; इन्शुलिन तर हातातल्या बॅगेतच, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याचा धोका असतो.

सिक्युरिटीने सोडलं म्हणजे कस्टम्स सोडेलच असं नाही. साधी वाटणारी औषधं काही देशांत अमली पदार्थांच्या यादीत असतात. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन आणि ट्रामाडॉल असलेली औषधं आगाऊ परवानगीशिवाय नेऊ नयेत. जपानमध्ये सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्युडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलं तर चालत नाही. ज्या देशांत उतरणार आहात त्यांच्या आरोग्य खात्याची वेबसाइट बरीच आधी पाहून ठेवा, परवानगीला वेळ लागू शकतो.

स्क्रीनवर काय दिसतं

बॅग कशी भरायची हे समजायला समोरच्या खुर्चीत बसून पाहिलं पाहिजे. एक्स-रे ऑपरेटरला तुमची बॅग रंगांत दिसते. सेंद्रिय पदार्थ, म्हणजे कपडे, कागद, खाणं आणि बरीचशी स्फोटकंही, नारिंगी. धातू निळा. मधल्या प्रकारातलं हिरवं. जे फार दाट असेल ते काळं पडतं आणि त्याच्या मागे काय आहे ते दिसत नाही. लॅपटॉप बाहेर काढायला लावतात तो याचसाठी. त्याची बॅटरी आणि सर्किट खालच्या वस्तू झाकून टाकतात. सीटी स्कॅनर तीच बॅग गोल फिरवून, थर-थर सोलून दाखवतो, म्हणून तिथे लॅपटॉप आतच ठेवा म्हणतात.

आता भरा. चार्जरच्या वायरींचा गुंता म्हणजे स्क्रीनवर निळ्या-हिरव्या धाग्यांचं जाळं. त्यालाच लागून चॉकलेटचा जाड डबा किंवा पुस्तकांचा गठ्ठा ठेवला तर नारिंगी ठोकळा आणि त्याला वायरी, असं चित्र तयार होतं. ऑपरेटर बॅग बाजूला काढणारच, त्याचं कामच ते आहे. वायरी एका चपट्या पिशवीत गुंडाळून वेगळ्या ठेवा, पुस्तकं पसरून ठेवा, दाट खाऊ चेक-इन बॅगेत टाका. द्रवांची पिशवी आणि लॅपटॉप सगळ्यात वर, झिप उघडली की हाती लागतील असे. केबिन बॅग अशी ठासून भरू नका की उघडल्यावर परत बंद करायला गुडघा टेकवावा लागेल. ती उघडली जाईल असं गृहीत धरूनच भरायची.

कात्री, नेलकटर, स्विस चाकू यांवर देशोदेशी मतभेद आहेत. युरोपात सहा सेंटीमीटरपर्यंतच्या पात्याची कात्री चालते, अमेरिकेत साधारण दहा सेंटीमीटर, अन्यत्र काही ठिकाणी कात्रीच चालत नाही. सगळं चेक-इन बॅगेत टाकून मोकळे व्हा. फिल्मचा कॅमेरा वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: सीटी स्कॅनरमधून फिल्म खराब होते, तेव्हा रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवा आणि हाताने तपासा अशी विनंती करा.

रांगेत

रांगेत उभं असतानाच खिसे रिकामे करून सगळं जाकिटाच्या खिशात टाका आणि झिप लावा. नाणी, किल्ल्या, फोन, कागदी रुमालसुद्धा. मग ट्रेपाशी फक्त जाकीट काढायचं उरतं. मोठं बक्कल असलेला पट्टा आणि धातू लावलेले बूट त्या दिवशी घालू नका. अमेरिकेने बूट काढायची सक्ती जुलै २०२५ मध्ये उठवली. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिस–मायामी विमानात एकाने बुटातलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला होता, त्या सक्तीचं मूळ तिथे. इतर ठिकाणी अजून काढायला सांगू शकतात, तेव्हा मोजे बरे असू द्या.

ट्रे आत सोडायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बूट आणि जाकीट, मग बॅग, आणि लॅपटॉप-पाकिटाचा ट्रे शेवटी. तोही, समोरचा माणूस स्कॅनरमधून पार झाला आणि आता आपलाच नंबर आहे असं दिसल्यावर. नाहीतर तुम्ही अलीकडे अडकून पडता आणि पाकीट पलीकडे उघड्यावर फिरत राहतं. पासपोर्ट आणि बोर्डिंग पास बहुतेक ठिकाणी हातात ठेवू देतात. नाही दिला तर बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवा, ट्रेमध्ये सुटा नको.

स्कॅनर, अंगझडती आणि तो कापडाचा तुकडा

मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जाताना काहीच अंगावर नसूनही आवाज येऊ शकतो. काही यंत्रं ठरावीक संख्येमागे एखाद्याला उगाच निवडतात. बॉडी स्कॅनर मात्र धातूपलीकडचंही शोधतो. डिसेंबर २००९ मध्ये ॲमस्टरडॅम–डेट्रॉइट विमानात एका प्रवाशाने अंतर्वस्त्रात स्फोटक नेल्यावर ही यंत्रं झपाट्याने पसरली. हात वर करून दोन-तीन सेकंद हलायचं नाही. हल्लीच्या यंत्रांत पडद्यावर तुमचं शरीर दिसत नाही, एक साधी बाहुलीसारखी आकृती येते आणि शंका असलेल्या जागी पिवळा चौकोन. खिशातला कागदाचा तुकडा, जड भरतकाम, केसांचा घट्ट अंबाडा किंवा पाठीवरचा घाम एवढ्यानेही तो चौकोन उमटतो. ही यंत्रं बहुतेक ठिकाणी मिलीमीटर लहरींवर चालतात, त्यात एक्स-रे नसतात, म्हणून गरोदर बाईने घाबरायचं कारण नाही.

चौकोन उमटला की त्या जागेची हाताने तपासणी होते. ती तुमच्याच लिंगाच्या कर्मचाऱ्याने करावी असा सर्वसाधारण नियम आहे. डोक्यावरचं वस्त्र काढायचं असेल किंवा सगळ्यांसमोर नको वाटत असेल तर वेगळी खोली मागता येते, आणि सोबत आपलं माणूस असू द्या असंही सांगता येतं. मागायला संकोचू नका. पण मागायचं ते तपासणी सुरू होण्याआधी.

पेसमेकर, सांध्यात बसवलेला धातू, इन्शुलिन पंप असेल तर चौकटीपाशी पोहोचायच्या आधीच सांगा आणि कार्ड दाखवा. हातातला डिटेक्टर पेसमेकरवर रेंगाळू देऊ नये. बऱ्याच इन्शुलिन पंपांच्या कंपन्या बॉडी स्कॅनर आणि एक्स-रे दोन्ही टाळायला सांगतात. त्या कंपनीचं पत्र छापून जवळ ठेवलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

कधी एक अधिकारी लांब पट्टीला लावलेला छोटा कापडाचा तुकडा तुमच्या तळव्यांवर, बॅगेच्या मुठीवर, झिपवर फिरवतो आणि यंत्रात घालतो. स्फोटकांचे सूक्ष्म कण शोधायची ही चाचणी. आठ-दहा सेकंदांत उत्तर येतं. लाल दिवा लागला की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. पण खतं, फटाके, ग्लिसरीन असलेलं हँड क्रीम आणि हृदयरोगाचं नायट्रोग्लिसरीन यांनीही दिवा लागू शकतो. बागेत खत घालून आला असाल किंवा जिभेखाली ठेवायची गोळी घेत असाल तर ते सरळ सांगा. मग पुन्हा चाचणी, बॅगेची झाडाझडती आणि काही प्रश्न, एवढंच. निघायच्या दिवशी हाताला क्रीम न लावलेलं बरं.

प्रश्नोत्तरं

बॅग कुणी भरली? भरल्यापासून ती सतत तुमच्याजवळ होती का? कुणी काही पोहोचवायला दिलंय का? कुठे राहणार, कशासाठी, किती दिवस, तिकिटाचे पैसे कुणी भरले? तेल अवीवच्या बेन गुरियन विमानतळावर हे प्रश्न चेक-इनच्या आधीच रांगेत येऊन विचारतात आणि पासपोर्टच्या मागे एक स्टिकर लावतात. पुढची तपासणी किती खोल होणार ते त्यावरून ठरतं. अमेरिकेच्या विमानांआधीही काउंटरवर किंवा गेटवर अशी विचारपूस होते. अधिकाऱ्याला तुमच्या हॉटेलात रस नसतो. उत्तर सहज येतंय का, आधीच्या उत्तराशी जुळतंय का, हे तो पाहतो. म्हणून उत्तर छोटं, खरं आणि विचारलं तेवढंच. एकच प्रश्न दुसऱ्या शब्दांत परत आला तर चिडू नका, ती पद्धतच आहे. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, निमंत्रणपत्र कागदावर ठेवा. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असते. बॉम्ब या शब्दावरचा विनोद कुठल्याही भाषेत करायचा नाही. तुमचं विमान चुकतं, आणि काही देशांत गुन्हाही नोंदतात.

दुसऱ्याचं पाकीट न्यायचं नाही. नातेवाईक असला, डबा सीलबंद असला, तरी आत काय आहे ते स्वतः पाहिल्याशिवाय नाही. बॅगेत जे सापडेल ते कायद्याने तुमचं.

अमेरिकेला जाताना बोर्डिंग पासवर ‘एस’ हे इंग्रजी अक्षर चारदा छापलेलं दिसलं तर तुमची सविस्तर तपासणी होणार. याची एक खूण म्हणजे ऑनलाइन चेक-इन होत नाही, काउंटरवर या म्हणतात. मग बॅगेतली प्रत्येक वस्तू बाहेर निघते, इलेक्ट्रॉनिक उपकरणं सुरू करून दाखवावी लागतात, म्हणून सगळी चार्ज केलेली हवीत. निवड अनेकदा यदृच्छया होते. पण प्रत्येक प्रवासात हेच होत असेल तर नावसाधर्म्य असू शकतं. अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याकडे ‘ट्रिप’ नावाची तक्रार निवारणाची सोय आहे, तिथे अर्ज केला की एक क्रमांक मिळतो आणि तो पुढच्या बुकिंगमध्ये टाकता येतो.

मधला विमानतळ

रात्रभर झोप नाही, पाय सुजलेले आणि समोर पुन्हा रांग. बहुतेक गोंधळ इथेच होतात. लंडनच्या हीथ्रोवर कनेक्शनसाठीही सिक्युरिटी पुन्हा असते. दुबई आणि दोह्यातही ट्रान्झिटच्या प्रवाशांची तपासणी होते. सिंगापूरच्या चांगीवर बऱ्याच टर्मिनलमध्ये तपासणी थेट गेटपाशी आहे, म्हणजे दुकानात घेतलेलं पाणी गेटच्या आत नेता येत नाही. रिकामी बाटली ठेवा. काही वेळा तपासणी होतच नाही: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, सिंगापूर अशा काही देशांतली तपासणी युरोपियन युनियन ग्राह्य धरतं, म्हणून तिथून आलेल्या विमानाचे प्रवासी काही विमानतळांवर सरळ पुढे जातात. बाहेरून येऊन एका शेंगेन देशातून (युरोपातले, आपापसात सीमेवर पासपोर्ट तपासणी नसलेले देश) दुसऱ्या शेंगेन शहरात जायचं असेल तर पहिल्या शेंगेन विमानतळावरच इमिग्रेशन होतं, त्याचा वेळ वेगळा धरा.

विमानातून उतरताना हातातलं पाणी संपवा, ड्यूटी फ्रीचं सील तपासा, लॅपटॉप परत वरच्या कप्प्यात घाला. पुढचं बोर्डिंग तासाभरात असेल तर पहिल्याच कर्मचाऱ्याला बोर्डिंग पास दाखवून वेगळी रांग आहे का विचारा. बऱ्याच ठिकाणी असते, पण न विचारता कुणी सांगत नाही.

लहान मुलं आणि वयस्कर माणसं

बाळाचं दूध आणि तयार खाणं १०० मिलीलीटरच्या नियमातून प्रवासापुरतं सुटतं. ते वेगळं काढून दाखवा. झोपलेलं बाळसुद्धा स्ट्रोलरमधून उचलावं लागतं, कारण स्ट्रोलर घडी होऊन बेल्टवर जातो. भाषा न येणारे आई-वडील एकटे प्रवास करत असतील तर व्हीलचेअर सेवा तिकीट काढतानाच नोंदवा. चालता येत असलं तरी. सोबत मिळणारा माणूस रांगांमधून नेतो, ही त्यातली खरी सोय. त्यांच्या पासपोर्टात एक इंग्रजी चिठ्ठी ठेवा: कुणाकडे चाललेत, पत्ता, फोन, औषधं, शरीरात धातू आहे का, आणि कोणती भाषा बोलतात.

काही अडलंच तर

वस्तू अडवली तर आधी पर्याय विचारा. वेळ असेल तर परत जाऊन चेक-इन बॅगेत टाकता येते, सोडायला आलेल्या माणसाकडे देता येते, काही विमानतळांवर पोस्टाने घरी पाठवायची सोय असते. निर्णय चुकीचा वाटत असेल तर आवाज न चढवता वरिष्ठाला बोलवा असं म्हणा, आणि विमान कंपनीचे किंवा त्या देशाच्या सुरक्षा संस्थेचे नियम काय सांगतात त्याची छापील प्रत दाखवा. तरीही समोरच्या अधिकाऱ्याचा शब्द अखेरचा, हे जवळपास सगळीकडे खरं आहे.

ट्रेमधून सामान उचलल्यावर तिथेच पट्टा बांधत बसू नका. सगळं उचलून जवळच्या बाकावर जा आणि मोजा: पासपोर्ट, फोन, पाकीट, लॅपटॉप, घड्याळ, द्रवांची पिशवी, जाकीट. ट्रेच्या तळाशी काळ्या रंगाच्या वस्तू राहून जातात. काही राहिलंच तर हरवल्याची तक्रार विमान कंपनीकडे नव्हे, तर विमानतळाच्या किंवा सुरक्षा संस्थेच्या कार्यालयात नोंदवायची असते, आणि तिथे पहिला प्रश्न येतो तो वेळेचा आणि लेन क्रमांकाचा. तेव्हा लेनच्या वर लटकलेला आकडा जाता जाता बघून ठेवा.